तिसऱ्या दिवसाची भाकरी

चांदबी बागवान ही संख्याशास्त्र शिकलेली बाई होती असं मी म्हटलं की लोक हसतात. हसू देत. तिला शिकवलं मी, त्यामुळे ती शिकली होती हे मला ठाऊक आहे. किती कटकट करून शिकली, तेही मलाच ठाऊक आहे.

छप्पन्न-सत्तावन्न सालची गोष्ट. त्या वर्षी सरकारला एकाएकी जाणून घ्यावंसं वाटलं की शिरूर आणि दौंड तालुक्यांतली माणसं रोज नेमकं काय खातात. त्याआधी असले निर्णय फार सोपे असत. स्वस्त धान्याचं दुकान कुठल्या गावाला द्यायचं? तर ज्या गावचा पुढारी मोठ्यानं बोलतो त्या गावाला. आता म्हणे सगळं शास्त्रीय पद्धतीनं करायचं. प्रत्येक गावातली थोडी घरं चिठ्ठ्या टाकून निवडायची, त्या घरांत शिजेल ते सगळं तोलायचं, त्यावरून गावाच्या आहाराची सरासरी काढायची, आणि जिथं सरासरी कमी तिथं दुकान. मी नुकतीच संख्याशास्त्र घेऊन एम.ए. झाले होते. मला ही कल्पना इतकी आवडली की मी अर्ज केला आणि पर्यवेक्षक म्हणून शिरूरला रुजूही झाले. आईला मात्र ती आवडली नाही. "एम.ए. होऊन लोकांच्या भाकऱ्या मोजायला चाललीस?" असं ती म्हणाली. वर्णन अगदी बरोबर होतं, म्हणून मी ट्रंक भरायला घेतली.

भाकऱ्या मोजायच्या म्हणजे चुलीजवळ जाणं आलं, आणि तिथं पुरुष जाऊ शकत नाही. म्हणून सातवी पास बाई हवी, अशी जाहिरात तालुका कचेरीच्या भिंतीवर लावली. एकच बाई आली. पस्तिशीची, उंच, कासोटा घातलेली, आणि काखेत तागडी.

"तागडी सरकार देईल," मी म्हटलं.

"सरकारी तागडीत आधी पासंग बघावा लागतो," ती म्हणाली. "माझी मी आणली."

ही चांदबी. बाप शिरूरच्या बाजारात भाजी विकायचा, त्यामुळे अक्षरओळखीच्या आधी तिला मापं येत होती. लग्न होऊन दौंडला गेली, तिथं नवरा वारला, आणि तेव्हापासून ती दौंडलाच भावाच्या रेल्वे क्वार्टरात राहत होती. भाऊ अल्लाबक्ष इंजिनांच्या शेडमध्ये कामाला. भावाचं काही म्हणणं नव्हतं. पण दोन खोल्यांच्या घरात भावाला म्हणणं असतंच कुठं? म्हणणं सगळं भावजयीचं, इमामबीचं. चांदबीनं केलेल्या चहात पाणी जास्त, चांदबीनं धुतलेल्या कपड्यांत साबण जास्त, आणि एकूण घरात चांदबीच जास्त.

नेमणूक तात्पुरती होती. तीन महिने काम करायचं, मग पुण्याहून साहेब येऊन तिची पत्रकं तपासणार. जुळली तर नोकरी कायम, नाही जुळली तर घरी. मी हे तिला पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं.

"घरी म्हंजी दौंडला," ती म्हणाली. "ते न्हाई जमायचं, बाई. शिकवा काय शिकवायचं ते."

पण शिकणं तिला जेवढं हवं होतं तेवढाच तिला वादही हवा होता. कचेरीमागच्या धान्याच्या कोठारात पोत्यांवर बसून आमचे वर्ग चालत; रात्री ती तिथंच निजायची. मी तिला यादृच्छिक अंकांचं पुस्तक दाखवलं. पानंच्या पानं आकडे, कशाचा कशाला संबंध नाही. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे कुणी लिवलं?"

"कुणी लिहिलं असं नाही. आकडे आपोआप पडतील तसे घेतलेत."

"लिवणारा शाणा हाय," ती म्हणाली. "चूक काढायची सोयच ठेवली न्हाई."

सरासरीवर तर आमचं रीतसर भांडण झालं. घरात चार माणसं. एकानं चार भाकऱ्या खाल्ल्या, एकानं तीन, एकीनं दोन आणि घरच्या बाईनं एक. सरासरी अडीच. चांदबीनं गणित केलं, उत्तर बरोबर आलं, आणि ती पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे बघत बसली.

"अडीच भाकरी ह्या घरात कुणी खाल्ली?"

"कुणीच नाही. ती सरासरी आहे."

"जी कुणीच खाल्ली न्हाई ती सरकारला कळवायची, आन् जिनं एकच खाल्ली तिचं काय?"

मी तिला म्हटलं, तुमचा प्रश्न चांगला आहे, तो पुढच्या धड्यात आहे, आणि पुढच्या धड्यापर्यंत तोंड बंद ठेवा. तेवीस वर्षांची मी, आणि समोर पस्तीस वर्षांची विद्यार्थिनी! पण मला सावकाश शिकवणं कधीच जमलं नाही.

तिची पहिली चूक भयंकर होती. सरावासाठी तिला एका वाडीवर पाठवलं. कुठली घरं घ्यायची ते मी आकड्यांवरून काढून दिलं होतं. ती परत आली तेव्हा दोन घरं भलतीच. ज्यांची नावं निघाली होती ते खाऊनपिऊन सुखी, म्हणून हिनं ते सोडून शेजारच्या दोन विधवांची घरं धरली.

"खातंय त्याचं काय तोलायचं? ते जेवतंयच की."

"चांदबी, सगळी उपाशी घरं निवडलीत तर अख्खी वाडी उपाशी दिसेल."

"मग दिसू दे! दुकान मिळंल."

"आणि उद्या दुसऱ्या गावात दुसरी बाई सगळी पाटलांची घरं निवडील. मग?"

तिला पटलेलं नव्हतं. मी चिडून विचारलं, तुमच्या बापाकडे कांद्याचं पोतं यायचं तेव्हा तो काय बघायचा? वरचे कांदे?

"वरचं कोण बघतंय? वर इकणारा चांगलं रचतो. कोपरापातूर हात घालायचा आन् हाताला येतील ते काढायचं."

"हाताला येतील ते. निवडून नाही?"

"निवडून कसं? आत काय दिसतंय का..." आणि मग ती थांबली. एका माणसाला काहीतरी समजलंय हे समोर बसून बघण्यात जी मजा आहे, ती मला पुढे फार वेळा मिळाली नाही. "म्हंजी ते आकड्यांचं पुस्तक म्हंजी पोत्यात हात घालणं हाय व्हय! मग आधी सांगायचं की! दोन हप्तं नुसतं 'यादृ यादृ' चाललंय तुमचं."

त्या दिवसापासून तिनं एकही घर बदललं नाही. उलट तीच लोकांना सुनवायला लागली.

मांडवगण फराटा हे आमचं पहिलं मोठं गाव. चावडीवर सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि चांदबीनं हंड्यात हात घालून दहा काढल्या. आनंदराव पाटलांचं नाव निघालं नाही. पाटील म्हणजे पाच-सहा कोसांत ज्यांच्याशिवाय नारळ फुटत नाही असे गृहस्थ. होळीची पहिली पोळी त्यांची, पोळ्याला पहिला बैल त्यांचा. ते माझ्याकडे वळले.

"बाई, फिरून टाका."

"का?"

"माझ्या चिठ्ठीची घडी घट्ट बसली असंल. हाताला लागली न्हाई."

"आबा," चांदबी म्हणाली, "ह्यात मान न्हाई. ज्याचं नाव निघंल त्याच्या दारात मी बसून भाकऱ्या तोलणार. न्हाई निघालं तो सुटला."

"तरी बी," पाटील म्हणाले. "गावात पाहणी आन् पाटलाचं घर न्हाई? लोक काय म्हंतील?" ते रागावून गेले ते गेलेच.

पहिलं घर सारजाबाईचं. नवरा हौसराव, म्हातारी सासू तानुबाई, दोन पोरं, आणि कोरडवाहू जमीन. चांदबी उंबऱ्याशी तागडी मांडून बसली. शेजारीपाजारी तागडी बघून आधी कांद्याचा भाव विचारून गेले. मग स्वयंपाक झाला, तोलला गेला, आणि संध्याकाळी मी पत्रक बघितलं तर काय? पुरणपोळी, तूप, दूध, भजी. मी गणित केलं. ह्या हिशेबानं मांडवगणचा कोरडवाहू शेतकरी माझ्या वडिलांपेक्षा चांगला जेवत होता, आणि माझे वडील हायकोर्टात कारकून होते.

मी आनंदानं चांदबीला म्हटलं, "बघा, आपल्याला वाटत होतं तशी स्थिती नाही."

ती इतकी हसली की तागडीची पारडी वाजली. "बाई, तुमच्या घरी कुणी तागडी घिऊन बसलं आन् आज काय शिजवलंय म्हनलं, तर तुमची आई शिळा भात दावंल?"

मला आईचा चेहरा आठवला. दावणार नाही.

"मग काय करायचं? खोटं लिहायचं?"

"लिवायचं कशाला? उद्या बी जायाचं, परवा बी जायाचं. म्हन हाय न्हवं? पहिल्या दिवशी पाव्हणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाई. आपली अक्कल गेली की त्यांची खरी भाकर दिसंल."

तिसऱ्या दिवशी सारजाबाईला तागडी दिसेनाशी झाली. चांदबी म्हणजे उंबऱ्याचाच भाग. बाजरीचं पीठ दीड शेर, मटकीची पातळ आमटी, तेल नावाला, आणि सारजाबाई सगळ्यांच्या शेवटी भाकरी आणि चटणी. दहाच्या दहा घरांत हेच झालं. पहिला दिवस सणाचा, दुसरा दिवस संकोचाचा, तिसरा दिवस खरा. मी पुण्याला सविस्तर टिपण पाठवलं की पहिल्या दोन दिवसांचे आकडे आम्ही हिशेबात धरत नाही, कारणे अशी अशी, कृपया मंजुरी द्यावी. उत्तर आलं नाही. सरकारी खात्यात उत्तर न येणं म्हणजे मंजुरी अशी माझी तेव्हा समजूत होती.

तीन महिने संपत आले आणि गणपुले साहेब तपासणीला आले. गोरे, गोल, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. हुशार माणूस, हे मी आधीच सांगून टाकते. आमच्या खात्याची नियमपुस्तिका त्यांनीच लिहिली होती. मांडवगणची एक चिठ्ठी काढून त्या घरी ते स्वतः तोलणार आणि चांदबीच्या पत्रकाशी ताडून बघणार. चिठ्ठी निघाली ती सारजाबाईची.

चांदबी रात्रभर झोपली नव्हती. सकाळी एस.टी.त मला म्हणाली, "भावाचं पत्र आलंय. इमामबी इचारती, कवा येतीस? शेवया करायच्या हायत म्हणं."

साहेबांनी काम चोख सुरू केलं. सकाळचं पीठ स्वतः तोललं, बाजरीचं, दीड शेर. मटकी तोलली. माझ्या जिवात जीव आला. पण पुण्याचा साहेब गावात आलाय ही बातमी तोवर पाटलांपर्यंत गेली होती. साहेब सारजाबाईच्या घरी आणि सारजाबाईच्या घरी तूप नाही! ही गावाची नाचक्की. पाटलांच्या वाड्यावरून गव्हाचं पीठ आलं, डाळ आली, गूळ आला, तूप आलं, दूध आलं, आणि मागोमाग, साहेबांना पंगतीला सोबत म्हणून, पाटील स्वतः आले.

आमचा नियम असा की पाहणीच्या घरी खायचं नाही. मी आणि चांदबीनं लिंबाखाली बसून आपापली दशमी सोडली. साहेबही आधी "छे छे, नको" म्हणाले.

"साहेब," पाटील म्हणाले, "तुम्ही उपाशी गेलात तर गावाला बट्टा लागंल. आमच्या पोरी कुणी करून घेणार न्हाई."

साहेब बसले. पुरणाचा वास लिंबापर्यंत येत होता. मी माझी दशमी चावत मनातल्या मनात नियमपुस्तिकेला शिव्या देत होते. हौसरावही पंगतीत बसला होता, पण पोळी पाहुण्यांना पुरावी म्हणून त्यानं "मला पोळी नगं, ग्वाड सोसत न्हाई" असं म्हणून भाकरीच कुस्करली. हे मी बघितलं. चांदबीनं आणखी काय काय बघितलं ते मला नंतर कळलं.

जेवण झालं, पान झालं. साहेबांनी ओट्यावर दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी मांडली. एकीकडे त्यांचं: सकाळची बाजरी-मटकी, आणि वर पुरणपोळी, तूप, दूध, भजी. दुसरीकडे चांदबीचं: भाकरी, मटकी, चटणी. चष्मा वर केला, खाली केला.

"हे घर तेच ना?"

"तेच," मी म्हटलं, आणि तिसऱ्या दिवसाचं सगळं सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला.

"टिपण वाचलंय मी. जे आकडे पटत नाहीत ते टाकून द्यायचे, ह्याला शास्त्र म्हणत नाहीत. मी आज माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही नव्या आहात, तुमच्यावर शेरा मारत नाही. पण बाई," ते चांदबीला म्हणाले, "उद्यापासून तुम्ही येऊ नका."

मी चांदबीला बाजूला ओढलं.

"अजून बाया जेवायच्या आहेत. सारजाबाईचं ताट बाहेर मागवा. साहेबांना दिसू दे ती काय खाते."

"आन् मग?"

"मग तुमचं पत्रक खरं ठरेल!"

"बाई, पाव्हण्याम्होरं ती कोरडी भाकर घिऊन बसंल? आज तिच्या घरात पुरण शिजलंय. चार दिवस ती त्या मानावर जगंल. मी तिचं ताट उघडं करून नोकरी राखू?"

"मग दौंडला जा शेवया करायला!" मी म्हटलं. हे मी बोलायला नको होतं, पण संताप आला की मी बोलते.

ती माझ्याकडे न बघता ओट्यावर परत गेली आणि साहेबांचं पत्रक उचलून डोळ्यांजवळ नेलं. वरून खाली वाचलं. मग तळाशी बोट ठेवलं.

"साहेब, ही ओळ कोरी राहिली."

तिथं छापलेलं होतं: पाहुण्यांनी खाल्लेले अन्न वेगळे लिहून घरच्या आहारातून वजा करावे. नियम साहेबांचाच.

"आज पाहुणे कुठं होते?" साहेब म्हणाले.

चांदबी फक्त साहेबांकडे बघत राहिली.

"मी? मी तपासणीला आलोय. मी पाहुणा नव्हे."

"मग घरचं धरू?" ती म्हणाली. "हौसरावांचं कोण म्हनून लिवू तुम्हाला?"

हौसराव गडबडून उभा राहिला. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण माणूस नियमाचा होता. त्यांनी पेन काढलं. "ठीक आहे. लिहा. पुरणपोळ्या, तीन."

"अगं बया!" आतून सारजाबाईचा आवाज आला. दाराआडून, पदर तोंडावर असणार, पण आवाज चावडीवर जाईल असा. "तीन कशा? पाच वाढल्या म्या! आन् वर अर्धी!"

"साहेब लाजत्यात," पाटील कौतुकानं म्हणाले. "पण घासागणिक वा वा म्हणत हुतं. साडेपाच लिवा. पुण्याचा मानूस साडेपाच खातो म्हंजी काय, सारजाच्या हाताला गुण हाय म्हणून."

"तुपाची वाटी दोनदा भरली," हौसरावनं भर घातली. "दुसऱ्यांदा साहेबांनी सोता पुढं केली."

"दूध बी!" आतून.

त्या तिघांचाही हेतू चांगला होता. पाहुणा भरपूर जेवला ह्यापरता आनंद त्यांना ठाऊक नव्हता, आणि तो पत्रकात लिहिला जाणार म्हटल्यावर त्यांना एक घासही कमी करवेना. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी लिंबाकडे बघितलं.

"आन् माझ्या दोन," पाटील पुढे सरकले. "माझं नाव सगळं लिवा, आनंदराव. चिठ्ठीत न्हाई आलं ते न्हाई, पत्रकात तरी येऊ द्या."

चांदबीनं मला पेन्सिल दिली, मी वजाबाकी केली. शिजल्या होत्या आठ पोळ्या. साहेब साडेपाच, पाटील दोन. राहिली अर्धी.

"ही अर्धी कुणी खाल्ली?" साहेबांनी आवाज शक्य तितका सरकारी करून विचारलं.

"म्या," कोपऱ्यातून तानुबाई म्हणाली. "पुरण जमलंय का बघाया."

तूप, दूध, भजी, सगळं वजा होत गेलं, आणि पत्रकात खाली उरलं ते बाजरीचं पीठ दीड शेर, मटकी, आणि तेल नावाला. शेजारी चांदबीचं तिसऱ्या दिवसाचं पत्रक. बाजरीचं पीठ दीड शेर, मटकी, आणि तेल नावाला.

"फरक अर्ध्या पोळीचा हाय," चांदबी म्हणाली. "ती मी लपवत न्हाई. लिवा."

कुणाचं ताट बाहेर आलं नव्हतं. सारजाबाई आत पोरांना भाकरी वाढत होती आणि बाहेर तिच्या हाताचं कौतुक सरकारी शाईत लिहिलं जात होतं.

गणपुले साहेबांनी वजाबाकी दोनदा तपासली. एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन की ते पळवाट शोधत बसले नाहीत. स्वतःचं पोट हाही एक आकडा असतो हे त्यांना कुठल्या पुस्तकात शिकवलं नव्हतं, आणि शिकल्यावर त्यांनी ते मानलं. त्यांनी शेरा लिहिला, "पत्रके जुळतात," आणि खाली सही केली. मग चारच्या गाडीकडे निघाले. एस.टी.च्या पायरीवर चढताना त्यांनी पट्टा एक भोक सैल केला, आणि पाटलांनी तेवढ्यात वाड्यावरून आणलेल्या डब्यातून आणखी दोन पोळ्या त्यांच्या हातात कोंबल्या. त्या कुठल्या पत्रकात गेल्या मला माहीत नाही.

पुढच्या वर्षी नियमपुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली. त्यात एक नवा नियम होता: पाहणीच्या पहिल्या दोन दिवसांचे आकडे हिशेबात धरू नयेत. खाली नाव गणपुल्यांचं. मी चांदबीला ते दाखवून तणतणले, तर ती म्हणाली, "लिवू द्या. पोळ्या बी त्यांनीच खाल्ल्या न्हवं?" धान्याचं दुकान मंजूर झालं, पण पलीकडच्या गावाला. तिथला पुढारी मोठ्यानं बोलत असे. मांडवगणला ते आणखी दीड वर्षानं मिळालं, तेही पाटलांनी पुण्याला जाऊन कचेरीत ठाण मांडलं तेव्हा. संख्याशास्त्राचा प्रभाव किती, हे मी ह्यावरून शिकले.

चांदबीचा कायम झाल्याचा हुकूम मात्र पंधरवड्यात आला. तिनं शिरूरला बाजाराच्या मागं एक खोली भाड्यानं घेतली. भिंतीला एक खिळा, खिळ्याला तागडी, एक ट्रंक, एक चूल, आणि चहात पाणी किती हे विचारणारं कुणी नाही. पुढं साठ-बासष्टपर्यंत तिनं दोन तालुके पायाखाली घातले. नव्या पोरी यायच्या, बी.ए. झालेल्या, हातात घड्याळं. पहिल्या दिवशी पत्रकात श्रीखंड लिहून आणायच्या, आणि चांदबी त्यांना दुसऱ्या दिवशी परत त्याच घरी धाडायची. त्या माझ्याकडे तक्रार घेऊन यायच्या. मी ऐकून घेत नसे.

हुकूम आल्याच्या आठवड्यातच अल्लाबक्ष शिरूरला आला होता. मी तिच्या खोलीतच होते, तिला टक्केवारी शिकवत. तो दारात उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

"आपा, इमामबीनं बोलावलंय. म्हणाली, घर सुनं वाटतंय. नोकरी सोड म्हणाली, आपल्याला काय कमी हाय?"

चांदबीनं त्याला बसवलं, चहा दिला, खायला दिलं. भावजयीसाठी शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. मग पिशवी खांद्याला लावली आणि खिळ्यावरची तागडी काढली.

"ईदला येईन," ती म्हणाली. "सकाळच्या गाडीनं येईन आन् संध्याकाळच्या गाडीनं माघारी. आत्ता न्हावऱ्याची एस.टी. सुटंल, तिथं आज माझा पहिला दिवस हाय."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला, जणू मीच काही तरी बोलेन. मी टक्केवारीची वही मिटली आणि तिच्यामागून निघाले. एस.टी. खरंच सुटायला आली होती.